सक्त हरकत

आमच्या कोर्टाचं नाव सांगत नाही. नाशिक जिल्ह्यातलंच आहे आणि मला अजून तिथेच पोट भरायचंय. गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधली. बायकांसाठी स्वच्छतागृह एकच, आणि त्याला वकील संघाचं कुलूप. आत सत्काराच्या शाली, नारळ आणि एक कॅरमबोर्ड. शालींना निवारा, आम्हाला ठेंगा! मग आम्ही तिघी वकिलिणी दिवसभर पाण्याला शिवायचो नाही.

हे बरोब्बर हेरलं होतं चिमाजीराव वकिलांनी. माझ्याविरुद्ध केस असली की स्वारी सकाळीच गेटवर हजर. "मनीषाताई, उसाचा रस घ्या. वडिलांसारखा आहे मी, नाही म्हणू नका." आलं-लिंबू घातलेला गार रस, दोन ग्लास. मला मेलीला मोह आवरायचा नाही. मग दुपारी मी उलटतपासणीला उभी राहिले की हे हरकतींवर हरकती घेत बसायचे. शेवटी मीच म्हणायचे, "प्रकृती बरी नाही, पुढची तारीख मिळावी." सगळ्या तालुक्याला वाटायचं, बाई नाजूक आहे. नाजूक म्हणे! मला साधी सर्दीसुद्धा होत नाही.

त्या दिवशी फुलाबाईची केस होती. नवऱ्यानं तिला हाकलून दिलं होतं आणि आठ वर्षांची पोर, आशा, स्वतःकडे ठेवून घेतली होती. कळवणजवळच्या माहेराहून ती दोन एसट्या बदलून यायची. चार तारखा माझ्या 'प्रकृती'त गेल्या होत्या. आज नवऱ्याची उलटतपासणी झाली नाही तर पुढे कोर्टाची उन्हाळी सुट्टी, मग जज्जसाहेबांची बदली, आणि पोर आणखी वर्षभर तिकडेच.

"ताई, ती मला वळखील ना?" फुलाबाईनं विचारलं. "न ओळखायला काय झालं!" मी म्हणाले. रस मात्र मी त्या दिवशीही प्यायले होते. खोटं कशाला बोलू?

तीन वाजता चिमाजीराव सातव्यांदा उठले, "हरकत आहे, साहेब," आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले. माझं टाळकंच फिरलं. तारीख गेली चुलीत! कागद ओढला आणि अर्ज खरडला: 'महिला वकिलांचं स्वच्छतागृह उघडावं आणि मला तिथे जाण्यास दहा मिनिटं द्यावीत.'

कोर्टाची रीत अशी की एकानं अर्ज दिला की समोरच्या वकिलानं त्यावरच आपलं म्हणणं लिहायचं. चिमाजीरावांनी तीस वर्षांत एकही अर्ज वाचून म्हणणं दिलेलं नव्हतं. झोकात लिहिलं, सही ठोकली, कागद वर दिला.

साहेबांनी चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं, "'अर्जास सक्त हरकत. अर्ज निव्वळ वेळकाढूपणाचा आहे. तो मंजूर झाल्यास आमच्या पक्षकाराचं कधीही भरून न येणारं नुकसान होईल.' चिमाजीराव, मॅडम स्वच्छतागृहात गेल्यानं तुमच्या पक्षकाराचं नेमकं काय नुकसान होतं?"

अख्खं कोर्ट हसलं, पट्टेवाल्यासकट. पाच मिनिटांत कुलूप निघालं आणि शाली, नारळ व्हरांड्यात आले.

परत आले ती कंबर कसूनच. "आशा शाळेत शेवटची कधी गेली?" नवऱ्यानं वकिलाकडे पाहिलं. पण चिमाजीरावांनी हरकतीचा धसकाच घेतला होता. "दिवाळीपासून गेली नाय," नवरा पुटपुटला. "म्हशी कोन बघनार?"

बाहेर आले तर फुलाबाई त्या उघड्या दारापाशी घुटमळत होती. "ताई, हे फक्त वकिलीनबायांचंच हाय का?"

"का गं?"

"तारखेला मी घरूनच पाणी पीत नाय. दोन वर्सं झाली."

लाजेनं मेले मी. माझ्या अडचणीपायी चार खेपा वाया गेल्या, त्याही तिनं कोरड्या घशानं केल्या, आणि अर्जात मी काय लिहिलं होतं? 'महिला वकील'! तिला आत पाठवलं, तशीच मागे फिरले आणि दुसरा अर्ज दिला: 'कोर्टात येणाऱ्या सर्व बायांसाठी.' चिमाजीरावांनी तो ओठ हलवत तीनदा वाचला आणि लिहिलं, 'हरकत नाही.'

सुट्टीआधी निकाल लागला. आशानं आईला लांबूनच ओळखलं आणि जी धावत सुटली! गेटवर मी तिघींसाठी रस सांगितला. फुलाबाईनं एक ग्लास संपवला, कोर्टाच्या दाराकडे एकदा बघितलं आणि रसवाल्याला म्हणाली, "आनखी एक दे रं."