भेगेचा सरासरी वेग

त्या दिवशी आभाळ राखेच्या रंगाचं होऊन खाली उतरलं होतं, वारा नावालाही नव्हता, आणि दोरीवरचे कपडे दुपार झाली तरी ओलेच होते. म्हाताऱ्या सुतारानं रोजच्यासारखी कानावरची पेन्सिल काढली आणि कोनाड्यापासून निघून पलंगाच्या उशाकडे सरकणाऱ्या भेगेच्या टोकाशी तारीख घातली. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. आकडे लाकडं मापता मापता शिकला, म्हणून त्याचा चार आजही उलटाच पडायचा. पलंगावर त्याची बायको दोन वर्षं पडून होती. भिंत एवढी चिरली, पण खाली चिमूटभर चुना सांडला नव्हता, हे मात्र त्याच्या मनाला पटत नव्हतं.

नातीनं त्या तारखांचा आलेख काढला होता. पहिला आणि शेवटचा ठिपका पट्टीनं जोडून ती म्हणाली, "चाळीस दिवसांत चाळीस सेंटीमीटर. सरासरी रोज एक. उशापर्यंत वीस उरलेत, म्हणजे वीस दिवस आहेत, आबा."

"ऐकलंत ना? वीस दिवस मला सुखानं लोळू द्या," म्हातारी म्हणाली. "आणि पलीकडच्या शिंप्याला सांगा, दुपारभर भिंतीवर काय खरडत बसतो? डोळ्याला डोळा लागत नाही."

"उंदीर असेल गं."

नात शाळेत गेल्यावर तो कागदासमोर कितीतरी वेळ बसून राहिला. रेघ सरळ होती, पण ठिपके काही तिच्यावरून चालले नव्हते. महिनाभर ते तळाशी रेंगाळले होते आणि शेवटचे चार दिवस शिडी लावल्यासारखे उभे चढले होते. रोजचे पाच. म्हणजे वीस नव्हे, चारच दिवस.

पलंग एकट्यानं हलण्यातला नव्हता. त्यानं शिंप्याला हाक मारली. त्या चिंचोळ्या खोलीत दुसरी जागा म्हणजे त्याच भिंतीचं दाराकडचं टोक. दोघांनी म्हातारीसकट पलंग उचलून तिथं नेला, तेव्हा कुठं सुताराचा जीव भांड्यात पडला. घाम पुसता पुसता शिंप्याचं लक्ष भिंतीवरच्या तारखांकडे गेलं आणि त्याचा हात कपाळावरच थांबला.

"काका," तो म्हणाला, "आमच्याकडे या भिंतीला बारा वर्षं कपाट होतं, आज सकाळीच हलवलं. मागं अशाच तारखा आहेत, हाच उलटा चार. पण त्या तिथं, मघाच्या उशापाशी थांबत नाहीत, इथवर येतात, आत्ता आपण काकूंचं डोकं ठेवलं तिथवर. शेवटची उद्याची आहे."