लालबागच्या गोऱ्ह्याची रुद्राक्षमाळ

गेल्या महिन्यात लालबागमध्ये एका गोठ्याबाहेर रांग लागली ती थेट नाक्यापर्यंत. का? तर जाईबाईच्या पाच महिन्यांच्या गोऱ्ह्याच्या कातडीखाली रुद्राक्ष उगवले होते! जबड्याखाली दोन, खांद्यांपुढे दोन, मांड्यांपुढे दोन. डावीकडे एक, तसाच उजवीकडे. गोऱ्हा चारा खात नव्हता, म्हणजे उपास. डोळे गळत होते, म्हणजे करुणा. उभं राहवत नव्हतं, म्हणजे समाधी.

हे सगळे अर्थ गल्लीतल्या गंगाधरबुवाचे. "बारा मणी भरले की मुंबई आपली!" त्यानं ठोकून दिलं आणि गिरणगाव खुळावलं. नवी गाठ दिसली की पेढे. जनावर मरत होतं आणि आम्ही पेढे खात होतो!

बुवा गोऱ्ह्याच्या गळ्याखाली हात घाली. "बोल नंदीराया, संयुक्त महाराष्ट्र होणार का?"

गोऱ्हा मान खाली घाली. रांग गरजे, "झालाच पाहिजे!"

खुद्द जाईबाईच्या मानेत सुपारीएवढी गाठ होती. रोज संध्याकाळी अंग कढत, चोळ्या ढिल्या पडत चाललेल्या. इस्पितळानं तपासणीला बोलावलं होतं. बुवा म्हणाला, "प्रसादाचा मणी आहे, बाई. सुई लावलीस तर कोप होईल." बाई घरीच बसली.

मग परळहून गुरांचे डॉक्टर दौलत कांबळे आले.

बुवा खेकसला, "तुम्ही लोकांनी तुमचे देव सोडलेत, आता आमचे सोडवायला आलात काय?"

"देव असू दे. त्याला ताप आहे, तेवढा बघू द्या."

जाईबाईनं बघू दिलं. बाटलीनं दूध पाजून तिनंच त्याला वाढवलं होतं. डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून थेंब काढला, कानाच्या शिरेतलं रक्त घेतलं आणि दुसऱ्या सकाळी सूक्ष्मदर्शक घेऊनच आले.

आधी त्यांनीही गळ्याखाली हात घातला. "बोल नंदीराया, गुजरातबरोबरचं द्विभाषिक राज्य कायम राहणार का?"

गोऱ्ह्यानं मान खाली घातली.

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आयला, नंदी फितूर झाला!"

"फितूर कसला! इथली गाठ दाबली की श्वास कोंडतो, म्हणून मान खाली घालतो. काहीही विचारा, हो म्हणेल."

मग त्यांनी दोन काचा दाखवल्या. निरोगी वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशी मोजक्या, निरनिराळ्या. याच्या रक्तात आणि गाठीत एकाच जातीच्या, मोठ्या, बेढब, गच्च भरलेल्या. "कॅन्सर आहे. गाठींतला रक्तात उतरलाय. याला वाचवता येणार नाही."

जाईबाईचा हात मानेवर गेला. "मग माझा पण तोच?"

"मला ठाऊक नाही. बुवालाही नाही. हात लावून कळत नाही, जाईबाई. आजच जा."

ती गेली. तिच्या गाठीत क्षय निघाला. त्याला औषध आहे. इंजेक्शनं चालू झालीत. गोऱ्हा आठव्या दिवशी गेला. बुवा लालबाग सोडून हल्ली कॉटन ग्रीनला असतो म्हणे.

बाबांनो, मुंबई हवी तर मोर्चे काढा, सभा भरवा, मार खा. आजारी वासराला कशाला वेठीला धरता? आणि अंगावरची गाठ कशाची हे कुणी छातीठोक सांगू लागला, तर त्याला एवढंच विचारा: बघितलंस कशानं?