कोऱ्या चटया

स्वीडनमधल्या एल्गमू मोटरसायकल क्लबाच्या वार्षिक सभेत पर्यावरण प्रमुख निवडायचा होता. कुणीच हात वर करेना. तेवढ्यात नळकाम करणारा रगनार लघवीला गेला आणि परत येईपर्यंत एकमताने निवडून आला. आपल्याकडे बहुतेक पदं अशीच भरतात. क्लब चालवायला चौदा माणसं, तीही नोकऱ्या सांभाळून शनिवार-रविवार फुकट राबणारी. कायदा वाचायला सवड कुणाला?

रगनारने मात्र पद मनावर घेतलं. उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीखाली तेल शोषणारी चटई हवी, असा नियम. त्याने तीस चटया आणल्या आणि खराब होऊ नयेत म्हणून कुलपात ठेवल्या. दोन वर्षं!

आज तपासणी होती. नगरपालिकेची तिल्दा जो शेरा देईल, त्यावर शर्यतीच्या मैदानाचा परवाना ठरणार. शेरा वाईट आला तर मैदानाला टाळं. सकाळपासून रगनार चटया अंथरून त्यांवर ब्रश फिरवत होता.

"पाय! पाय काढ त्याच्यावरून!" तो गुनवोरवर ओरडला.

गुनवोर चौऱ्याहत्तर वर्षांची. क्लबाची कॉफी आणि सॉसेजं तिच्याकडे. घर मैदानाच्या उताराखाली, कॉफीचं पाणी तिच्याच विहिरीचं.

"अरे, पायपुसणं आहे की गादी?" ती म्हणाली. "एवढं तर मी नवऱ्यालाही जपलं नव्हतं."

"तू बन गरम कर. आणि तिल्दासमोर गप्प राहा."

तिल्दा आली. तिने गाड्यांचा आवाज मोजला, ठीक. पेट्रोलचे डबे पाहिले, ठीक. रगनार श्वास रोखून मागे मागे. मग ती एका चटईपाशी वाकली आणि बोट फिरवून पाहिलं. बोट आधीपेक्षा स्वच्छ निघालं.

"किती दिवस वापरताय या?"

"दोन वर्षं. एक डाग दाखव!"

"तोच शोधतेय," तिल्दा म्हणाली. "अख्ख्या स्वीडनमध्ये थेंबही न गळणारी एक मोटरसायकल मला भेटलेली नाही. तुझ्याकडे तीस?"

तिने चटईचा कोपरा उचलला. खालची माती डांबरासारखी काळी! तेलाचा वास नाकाला झोंबला.

रगनारच्या डोक्यात भराभर तीन उत्तरं तयार झाली. तिसऱ्यात सगळा दोष जंगलातल्या हरणांचा होता.

तेवढ्यात गुनवोरने तिल्दापुढे कप धरला. "घे, गरम आहे. पाणी माझ्या विहिरीचं. ती बघ, खाली."

रगनारनेही पाहिलं. काळी माती, तिथून निघालेला उतार आणि उताराच्या टोकाला विहीर. तिल्दाने कप ओठाला लावला.

"थांब! पिऊ नकोस!" तो किंचाळला. "चटया आजच काढल्यात. दोन वर्षं सगळं तेल मातीतच गेलंय. माझी चूक!"

"आणि मी रोज पितेय ते?" गुनवोर शांतपणे म्हणाली. "तू तेलापासून चटई वाचवलीस, रगनार. वाचवायची होती माती. चटई तर मळायलाच आणलेली."

परवाना थांबला. शरदातली शर्यत रद्द झाली. चौदा जणांनी सहा शनिवार माती उपसली आणि ती न्यायला खास गाडी बोलावली. विहिरीचा अहवाल येईपर्यंत रगनार रोज सकाळी गुनवोरच्या दारी पाण्याचे कॅन पोचवत होता. अहवालात लिहिलं होतं : तेल अजून पोचलेलं नाही. 'अजून' हा शब्द त्याने तीनदा वाचला.

वसंतात तिल्दा पुन्हा आली. चटया तेलकट, काळ्या, बघवत नव्हत्या.

"शी! काय घाण!" ती म्हणाली आणि सही केली.

कॉफीचा पहिला कप पर्यावरण प्रमुखाने प्यायचा, असा आता सभेचा ठरावच आहे. रगनार तो बिनधास्त पितो.

मंडळी, नियम पाहुण्यांपुरते अंथरायचे नसतात. ते रोज वापरून मळवायचे असतात. आपला नियम कोरा करकरीत दिसला, तर खुशाल समजावं : घाण त्याच्याखाली मुरते आहे आणि उताराखाली कुणाची तरी विहीर आहे.