चंद्राची पाठ

आमचे सासरे, अप्पा, तसे देवमाणूस. पण गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारतं, देव जाणे! मी सकाळपासून रव्याचे लाडू वळतेय, आणि माझी लेक श्रेया मखराच्या जागी खळीने रद्दी चिकटवून एक भलामोठा करडा खळगा उभा करतेय. "विवर आहे गं आई. चंद्रावर उल्का आदळून झालेलं." आठवडाभर खोलीत पाय ठेवायला जागा नाही, पण पोरीचा सगळा जीव त्यात, म्हणून मी तोंड दाबून होते.

अप्पांना नेमकं 'चंद्र' तेवढं ऐकू आलं.

"काढ ता आधी!" ते कडाडले. "बाप्पा उंदरावरून पडलो तेव्हा हसलो कोण? चंद्रच ना? म्हणून चतुर्थीक त्याचा तोंड बघूचा नाय, चोरीचो आळ येता. आणि तू त्याका बाप्पाच्या मागे बसवतस?"

श्रेयाचं तोंड एवढंसं झालं. मला असा संताप आला! मूर्ती आणायला निघायची वेळ, आता बाप्पाला काय नुसत्या भिंतीपुढे बसवायचं? पण सासऱ्यांपुढे बोलणार कोण? लाडू जरा जोरात दाबला, इतकंच.

डोळे पुसून श्रेयाच म्हणाली, "अप्पा, हसलं ते तोंड. ही पाठ आहे. चंद्राचं तोंड कायम आपल्याकडे असतं, पाठ इथून कधीच दिसत नाही. बाप्पा पडला हे हिला माहीतपण नाही."

"मग ह्यो एवढो खड्डो?"

"दगड आदळलेत. पुढच्यापेक्षा मागेच जास्त खड्डे आहेत."

अप्पा खळग्याकडे बघत राहिले. "म्हणजे हसलां तोंड, नि मार खाल्ल्यान पाठीन?" आणि जे हसत सुटले, ते ठसका लागेपर्यंत. "बसव गो चेडवा, हयच बसव बाप्पाक!"

मी श्रेयाच्या तोंडात एक लाडू कोंबला. नैवेद्याआधीच. गेलं उडत.

दुसऱ्या दिवशी आरतीला शेजारची कौसल्या दुर्वा घेऊन आली, आणि दारातच पदराने डोळे झाकून किंचाळली, "अगो बाई, चंद्र! आज?"

अप्पा खुर्चीतून ताडकन उठले. "डोळे उघड गे कौसल्या! ही पाठ आसा. ही बिचारी कधी कोणाक हसूक नाय. नि हिच्याकडे जल्मात कोणी बघूक नाय. बघ जरा!"

कौसल्याने हळूच पदर काढला. आधी विवराला हात जोडले, मग बाप्पाला.