सहा इंची लिफ्ट

सुहासिनीबाईंचा उजवा पाय जमिनीपासून चौदा इंच वर उचलला जाई. पंधराव्या इंचाला त्यांचा ओठ डावीकडे किंचित ओढला जाई. मग त्या पाय खाली ठेवून, वर चढायचा आपला विचारच नव्हता अशा चेहऱ्याने, आजूबाजूचं काहीतरी पाहू लागत.

त्यांच्या सुनेने, मीनाक्षीने, हे बरोबर टिपलं होतं. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात एका इस्पितळात माणसांची चाल मोजणं हेच तिचं काम होतं, तेव्हा सासूबाईंचा गुडघा न मोजणं तिला जमलंच नसतं. जूनमध्ये एकदा त्या गुडघ्याला तेल चोळत बसल्या असताना तिने लॅबमधला कोनमापक लावूनही पाहिला होता.

"काय निघालं?" सासूबाईंनी उत्सुकतेने विचारलं.

"जरा कडक झालाय, आई."

"एवढं तर मी यंत्राशिवाय सांगितलं असतं," त्या म्हणाल्या आणि आपल्याच विनोदाला हसल्या.

सुहासिनीबाई एप्रिलमध्ये अकोल्याहून आल्या होत्या, आणि ऑक्टोबरात परत जायच्या होत्या. तिकडे त्यांचं असं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, आणि धाकटी बहीण पद्मा गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या नातवंडांत गुंतलेली. श्रीरंग त्यांचा एकुलता एक मुलगा. आईला कायमचं इथे ठेवून घ्यावं, त्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करावा, असं त्याने मीनाक्षीला पहिल्यांदा विचारलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. "बघू," ती म्हणाली होती. पुन्हा विचारलं तेव्हाही "बघू." मग श्रीरंगने विचारणं सोडलं. कोलंबसलगतच्या डब्लिन उपनगरातलं त्यांचं घर चार खोल्यांचं होतं आणि मुलगी आन्या ॲन आर्बरला कॉलेजात गेल्यापासून त्यातल्या दोन रिकाम्याच होत्या, त्यामुळे जागेचं कारण सांगायची सोय नव्हती. सासूबाईंमध्ये दोष काढावा असंही काही नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. त्या गुणगुणत, डबे पुसत, दिसेल त्या गोष्टीविषयी प्रश्न विचारत. मीनाक्षीला संध्याकाळी घरी आल्यावर तासभर कुणी काही बोललेलं नको असे. एवढंच. एवढं कारण मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती "बघू" म्हणत राहिली.

मे महिन्यात श्रीरंगने नवा पिकअप घेतला, पुढे माणसांना जागा आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी; तिकडे तिला ट्रकच म्हणतात. फोनवर पद्मामावशीला सुहासिनीबाईंनी सांगितलं, "श्रीने ट्रक घेतला गं!" तर पलीकडून हलक्या आवाजात प्रश्न आला, "नोकरी गेली का त्याची?" या गोष्टीवर घरात आठवडाभर हसणं चाललं. श्रीरंगच्या ऑफिसातला अनिल तर रोज पार्किंगमध्ये हाक मारायचा, "काय शेठ, आज कांदा कुठे पोचवायचा?"

श्रीरंगच्या टीमचे काही लोक शनिवार-रविवार ओहायोच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत, चिखलाच्या वाटांवर गाड्या घालायचे. त्यांच्यात जायचं तर गाडी जमिनीपासून उंच हवी, म्हणजे सस्पेन्शन लिफ्ट हवी. स्प्रिंगा, दांडे, सगळं बदलून अख्खी गाडीच वर उचलायची. दोन इंच, चार इंच की सहा इंच, हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर उन्हाळाभर चालला. दोन इंचांनी नुसतं पुढचं नाक वर येतं. चार इंचांत बऱ्यापैकी काम होतं. सहा इंचांना टायरही मोठे बसतात. श्रीरंग कॅटलॉग चाळायचा, उसासे टाकायचा आणि मिटून ठेवायचा.

मीनाक्षी असल्या खुळांना एरवी एका वाक्यात वाटेला लावत असे. यावेळी ती टेप घेऊन गॅरेजमध्ये गेली. दाराची उंची मोजली, गाडीची मोजली, मोठ्या टायरांचा हिशेब धरला आणि म्हणाली, "अँटेना काढलीस तर सहा इंची बसेल."

"खरंच? तू सीरियसली म्हणतेयस?"

"करायचं तर नीट कर. अर्धवट कशाला?"

श्रीरंगचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा उजळला. दुकानदाराने फोनवर विचारलं, दाराखाली चढायला पायऱ्या बसवायच्या का? तेव्हाही तीच म्हणाली, "नको. दगडांना घासतील. मग उंची वाढवून उपयोग काय?" ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. मीनाक्षी चुकीचं काही बोलत नसे.

आहे त्या उंचीलाही सुहासिनीबाईंना गाडीत चढायला प्लास्टिकचं स्टूल लागे. श्रीरंग ते खाली ठेवायचा, त्या एक हात त्याच्या खांद्यावर टेकून वर चढायच्या आणि सीटवर बसून विजयी मुद्रेने पदर सारखा करायच्या. आणखी सहा इंच, वर टायरांचे दीड. स्टूल धरूनसुद्धा ती उंची चौदा इंचांत बसत नव्हती. हे गणित मीनाक्षीने कुठेही मांडलं नव्हतं. पण न मांडता ते तिला येत होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी गाडी दुकानात न्यायची ठरली. त्या सकाळी मीनाक्षी कपड्यांच्या घड्या घालत होती आणि शेजारच्या खोलीत सुहासिनीबाई पद्मामावशीशी फोनवर बोलत होत्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली असली, तरी दूरच्या माणसाशी त्या ओरडूनच बोलत.

"हो गं, आज बसवणार! … लिफ्ट, लिफ्ट! अगं, समोरच्या म्हाताऱ्या बाईंना न्यायला ती पांढरी व्हॅन येते नाही का, तुला सांगितलं होतं बघ. फळी खाली येते, आपण उभं राहायचं, बटण दाबलं की वर. श्रीच म्हणाला होता, याला लिफ्ट म्हणतात. … कोणासाठी काय? या घरात लंगडी मीच एकटी!"

मीनाक्षीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

"मीनाक्षीचंच सगळं डोकं. किती दिवस टेप घेऊन मापं घेत होती. माझ्या गुडघ्याचंसुद्धा माप घेतलं यंत्र लावून! बोलत नाही फारशी, पण लक्ष असतं हो तिचं." मग आवाज जरा खाली आला, पण भिंत पातळ होती. "आता बघ, महिन्याभरात जाणाऱ्या माणसासाठी कुणी एवढा खटाटोप करेल का? … नाही, मी विचारलं नाही. आपण विचारू नये. त्यांचं त्यांना सांगू दे."

मीनाक्षीने टॉवेलाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. तिच्या मानेपासून कानांपर्यंत आग चढत गेली. कुणी आरोप केला असता तर तिच्याकडे उत्तरं होती. पण सासूबाई तिचं कौतुक करत होत्या, आणि तिने घेतलेल्या एकेका मापाचं. आत जाऊन सांगावं, "आई, तसं नाहीये," असं तिला वाटलं. मग त्या विचारणार, कसं आहे मग? ती उभीच राहिली. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला आणि गुणगुणणं सुरू झालं.

निघायच्या वेळी सुहासिनीबाई जांभळी इरकल नेसून, खाली पांढरे स्नीकर घालून तयार होत्या. हातात प्लास्टिकचा डबा होता.

"आई, तू कशाला येतेस? कंटाळशील," श्रीरंग म्हणाला.

"वा! मी नको का? पेढे केलेत मिल्क पावडरचे. त्या दुकानातल्या माणसाला देऊ. तो बिचारा बसवणार."

"त्याला पेढे?" श्रीरंग हसत सुटला. "मीनाक्षी, ऐकलंस का?"

"ऐकलं," मीनाक्षी म्हणाली.

श्रीरंगने स्टूल ठेवलं. खांद्यावर हात, ओठाला ओढ, मग वर. "आजच्यापुरतं हं हे स्टूल," सुहासिनीबाई त्याच्या डोक्यावर थोपटत म्हणाल्या. श्रीरंगला त्यातलं काहीच कळलं नाही. मीनाक्षी मागच्या सीटवर बसली. वाटेत तीनदा तिने बोलायला तोंड उघडलं. एकदा शेजारून एक मालट्रक ओव्हरटेक करत होता, एकदा सासूबाई मक्याच्या शेतांबद्दल विचारत होत्या, आणि तिसऱ्यांदा कसलंच कारण नव्हतं.

दुकान ग्रोव्ह सिटीच्या बाहेर होतं. टायरांच्या आणि तेलाच्या वासाचा मोठा हॉल, आणि मधोमध नमुन्याला ठेवलेला काळा पिकअप, सहा इंची लिफ्ट बसवलेला. त्याच्या दाराची खालची कड सुहासिनीबाईंच्या कमरेपाशी येत होती. रॉन नावाचा दाढीवाला दुकानदार हात पुसत पुढे आला. सुहासिनीबाईंनी डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्याने एक पेढा तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि दुसरा घेतला.

मग सुहासिनीबाई ताठ उभ्या राहिल्या आणि एक्सचेंजमधल्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज, व्हिच वन इज माय लिफ्ट?"

"तुमच्यासमोरच आहे, मॅम," रॉनने काळ्या पिकअपकडे हात केला.

त्या गाडीजवळ गेल्या. दाराखाली वाकून पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. परत पुढे आल्या. "श्री, फळी कुठे आहे रे? आणि बटण?"

"कसली फळी?"

"ती खाली येते ती. समोरच्या बाईंच्या व्हॅनला आहे तशी."

श्रीरंगला हसू फुटलं. "अगं आई, ती लिफ्ट वेगळी! ही म्हणजे गाडीच उंच करायची. हे बघ, एवढी." तो रॉनकडे वळून इंग्रजीत सांगू लागला, "माझ्या आईला वाटलं की—" आणि वाक्याच्या मध्येच थांबला. आईला काय वाटलं होतं हे त्याला ते वाक्य उच्चारतानाच समजलं.

सुहासिनीबाईंनी काळ्या गाडीच्या दाराच्या कडेवर तळहात ठेवला. ती कड किती उंच आहे ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी हात काढून घेतला आणि डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून दोनदा दाबलं.

"असं होय," त्या म्हणाल्या. "छान आहे की. रुबाबदार दिसते. मी आपली गंमत केली रे."

"आई—"

"मला काय करायचंय? मी चालले ऑक्टोबरात. तुम्हा दोघांना चढता आलं म्हणजे झालं." त्या भिंतीकडेच्या खुर्चीकडे चालत गेल्या, डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि आजूबाजूचं पाहू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच इतके टायर एकत्र पाहत असल्यासारख्या.

मीनाक्षीला तो चेहरा ओळखीचा होता. तिने तो पुष्कळदा टिपला होता, पायऱ्यांपाशी, बसच्या दाराशी, स्टुलापाशी, पण त्याचा अर्थ फक्त गुडघ्यापुरताच लावला होता.

रॉनने काउंटरवरून विचारलं, "मग सहा इंची पक्की ना? आणि पायऱ्या नकोत, असं तुम्ही सांगितलं होतं."

श्रीरंग बायकोकडे वळला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "पायऱ्या का नको म्हणालो होतो आपण?"

"आपण नाही. मी म्हणाले होते."

"हो, घासतील म्हणून. पण आई कशी चढणार, हे तुझ्या लक्षात…" तो थांबला. मीनाक्षीच्या लक्षात एखादी उंची आली नाही, असं लग्नाला बावीस वर्षं झाली तरी कधी घडलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. तो तिच्याकडे पाहत राहिला. तिने मान खाली घातली नाही, पण त्याच्याकडे पाहणंही तिला जमलं नाही.

"लक्षात होतं," ती म्हणाली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवेच्या यंत्राने नट सोडवत होतं. तो खडखडाट थांबला. मग श्रीरंग रॉनला म्हणाला, "आज नको. सॉरी. काहीच नको." रॉनने खांदे उडवले, हरकत नाही म्हणाला आणि उरलेला अर्धा पेढा तोंडात टाकून आत गेला.

मीनाक्षी खुर्चीपाशी गेली. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसली. सासूबाई पुटपुटल्या, "अगं, माझ्यामुळे थांबू नका बाई. त्याची किती दिवसांची हौस आहे."

"आई, मी सकाळी तुमचा फोन ऐकला."

सुहासिनीबाई डब्याच्या झाकणाकडे पाहत राहिल्या. "मोठ्याने बोलते मी," त्या म्हणाल्या. "सवय."

"ती मापं मी तुमच्यासाठी घेतली नव्हती."

"ते कळलं आता." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मीनाक्षीला वाटलं.

श्रीरंग दोन पावलांवर येऊन उभा होता, गाडीची किल्ली मुठीत धरून. तिला काय बोलायचं ते नीट रचून घ्यायला वेळ हवा होता, आणि अशा वेळी तिने नेहमी तो घेतला होता. या खेपेला रचलेलं काहीच नव्हतं.

"मला घरात आणखी कुणी असायची सवय नाही, आई," ती म्हणाली. "लवकर होणारही नाही, खोटं कशाला सांगू? मी कधी कधी गप्प बसेन, तुम्हाला वाईट वाटेल. पण तुम्ही ऑक्टोबरात जाऊ नका. इथेच राहा आमच्याकडे, कायमच्या."