एकाच नावाच्या दोन पेट्या

मी हाडांची पेटी बोलतेय. दचकू नका, माझ्यात आता एकही हाड नाही.

यरुशलेमजवळच्या खाणीत पाथरवटानं मला मऊ चुनखडीतून कोरून काढलं. मांडीचं हाड आडवं मावेल एवढी लांब, बाकी नक्षी नाही की फूल नाही. माणूस गेला की त्याला गुहेत कट्ट्यावर निजवायचं आणि वर्षानं हाडं उरली की ती गोळा करून माझ्यासारखीत ठेवायची, ही इथली रीत. शप्पीरानं मला तिच्या थोरल्या मुलासाठी आणलं. याकोब त्याचं नाव. तापानं गेला, बिनलग्नाचा. बोलताना अडखळायचा, म्हणून सगळी आळी त्याला तोतरा म्हणे.

या घरात थोरल्या नातवाला आजाचं नाव, बाकीच्यांची नावंही मूळपुरुषांचीच. यहूदाचा याकोब, याकोबाचा यहूदा, पुन्हा यहूदाचा याकोब. अब्राहाम मात्र एकही नाही. ते पहिल्या मूळपुरुषाचं नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे शप्पीराचा मुलगाही यहूदाचा याकोब आणि तिचा सासराही यहूदाचा याकोब! सासऱ्याची फुलं कोरलेली पेटी माझ्या शेजारीच होती.

धाकटा लेवी खिळा घेऊन माझ्यावर नाव कोरायला बसला.

“पुढं ‘तोतरा’ घाल,” शप्पीरा म्हणाली.

“आई, मेल्यावरही चिडवायचं का त्याला? लोक काय म्हणतील?”

“लोक गेले खड्ड्यात. तुझ्या आजानं जन्मभर माझ्या लेकराच्या बोलण्याची नक्कल केली. भर सणाच्या पंगतीत! उद्या माझी हाडं त्या थेरड्याच्या पेटीत टाकाल, मेल्यांनो. मला माझ्या पोराजवळ राहायचंय.”

“बरं, घालतो.”

खिळा कुरकुरला, थांबला.

“वाच बघू.”

“यहूदाचा याकोब, तोतरा.”

“एवढ्यात झालं?”

“लहानच शब्द आहे तो, आई.”

खोटं! त्यानं दोन नावं कोरली होती, तिसरा शब्द नव्हताच. शप्पीराला अक्षर येत नव्हतं. लाज तिची नाही. चार लेकरं जन्माला घालून घेतली आणि एक अक्षर शिकवलं नाही, त्यांची आहे.

पुढं गुहा उघडली की ती माझ्याकडे यायची. नावाच्या शेवटी, जिथं नुसती पाथरवटाच्या टाकीची खरड होती, तिथं बोट फिरवायची. “तोतऱ्या, आले बघ.” मी काय करणार? दगडाला तोंड नाही. लेवी परमुलखात, अलेक्झांड्रियात वारला आणि त्याचं खोटं त्याच्याबरोबर गेलं.

ती गेली त्याच्या पुढच्या वर्षी लेवीचा मुलगा इसहाक बायकोला घेऊन तिची हाडं गोळा करायला आला. तो यरीहोत वाढलेला, गुहा त्याला नवी. त्यानं दिवा माझ्यावर धरला, मग शेजारणीवर.

“आजी सांगून गेली, जिच्यावर ‘तोतरा’ लिहिलंय तिच्यात ठेव. इथं तर दोन्हींवर एकच नाव.”

“हाडांना विचारून बघा, अडखळली तर तोच,” बायको म्हणाली.

“थट्टा नको गं.”

“मग फुलांची घ्या. आजीला शोभेल. या साधीत काय ठेवायचं?”

‘साधी पेटी’ एवढं जरी म्हातारी बोलली असती तरी भागलं असतं. पण तिचा सगळा भरवसा त्या न लिहिलेल्या शब्दावर. तिला तिच्या सासऱ्याच्या हाडांवर रचताना मी हातभर अंतरावरून पाहिलं. इसहाकानं प्रेमानं रचलं, हो. एकेक हाड तेलानं पुसून.

मग किती शतकं गेली, कोण मोजणार! रस्ता रुंद करताना गुहेचं छप्पर फुटलं. हाडं वेगवेगळ्या पोत्यांत भरून टेकडीवर पुरायला नेली. एका पोत्यात सासरा-सून, दुसऱ्यात माझा तोतरा. एका खड्ड्यात गेले की दोन, मला कुणी सांगितलं नाही.

आता मी आणि ती फुलांची शेजारीण संग्रहालयात एकाच फळीवर आहोत. परवा एक विदुषी विद्यार्थ्यांना म्हणाली, “बघा, आजा आणि नातू, एकच नाव. मूळपुरुषांचा केवढा अभिमान!”

अभिमान होताच, बाई. पण तुम्ही वाचताय त्याच्या पुढं बोटभर जागा कोरी आहे, तिथंही बघा. आणि घरी जाल तेव्हा, जिला तुम्ही कागद वाचून दाखवता, तिला आज पहिलं अक्षर काढायला शिकवा. उद्यावर टाकू नका.