अकरा चौदाचा ब्रेक

द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात शिवराम अकरा वर्षं क्रेन चालवत होता. एका सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी त्याच्या क्रेनचा कंटेनर ट्रेलरच्या केबिनवर घासला. ड्रायव्हर थोडक्यात वाचला. क्रेनच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र त्या वेळी ब्रेक ओढल्याची नोंदच नव्हती. शिवरामला घरी बसवलं.

"म्या ब्रेक वढला हुता, म्याडम. कुनी ऐकूनच घेईना," तो यार्डाच्या गेटवर मंजुषाला म्हणाला. त्या कॉम्प्युटरचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, तिच्या ऐरोलीतल्या कंपनीने बनवलेला. ती नोंदी घ्यायला आली होती.

तीन दिवस तिने नोंदी चाळल्या. दहा वाजून दोन मिनिटांनी ब्रेकची एक नोंद सापडली. तेव्हा तर क्रेन बंद होती! फरक जवळजवळ बहात्तर मिनिटांचा. मग तिने कोड उघडला. प्रोसेसरमध्ये वेळ मोजणारं रजिस्टर कर्नल दोन तुकड्यांत वाचत होता, आधी वरचा, मग खालचा. खालचा तुकडा तेवढ्याच मिनिटांनी भरून शून्यावर यायचा आणि वरचा एकाने वाढायचा. नेमकं दोन वाचनांच्या मधे हे घडलं, की वेळ तेवढी मागे पडायची. शिवरामने त्याच क्षणी ब्रेक ओढला होता.

वरचा तुकडा पुन्हा वाचायचा, बदललेला दिसला तर सगळं नव्याने वाचायचं. दुरुस्ती पाच ओळींची.

"पुढच्या अपडेटमध्ये टाकून दे," तिचे साहेब अभिराम म्हणाले. "नोटमध्ये 'किरकोळ सुधारणा' लिही. क्लायंटला उगाच टेन्शन नको."

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "किरकोळ? आपल्या कोडने एका माणसाला खोटारडा ठरवलंय, सर. दीड महिना घरी बसलाय तो!"

"तो यार्डाचा मॅटर आहे."

"चूक आपली आणि मॅटर यार्डाचा?"

ती जागेवर आली. नोटमध्ये तिने सगळं लिहिलं, चूक कुठे होती आणि ती कुणाला भोवली तेही. तीच नोट यार्डाच्या मॅनेजरला पाठवली, अभिरामना कॉपीत ठेवून. अभिराम आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

शिवरामला परत बोलावलं. त्याने फोन केला. "कामावर घेतलं, ताई. पन पत्रात निस्तं 'तांत्रिक कारणास्तव' लिवलंय. माजी चूक नव्हती, आसं कुटंच न्हाय."

"ते पत्र मला पाठवा," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ते वाक्य लिहून घेतल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही."